वाचक विचारतात : कॉलेज, आयटीआय की दुकान?

प्रश्न : पाच एकर वावर आहे, एका बोअरवर जमेल तेवढं ओलित. पोराला दहावीत ५८ टक्के पडले. पाव्हणे म्हणतात अकरावी सायन्सला टाका, यवतमाळला ट्यूशन लावा. पोरगा म्हणतो आयटीआय करतो. आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद होतं असं ऐकलं. खरं काय?
— एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बंद होत नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे कामाची शाखा, पास झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावीच्या भाषा विषयांची परीक्षा दिली तर दोन वर्षांच्या आयटीआयला बारावीची समकक्षताही मिळते. त्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून काम सांभाळून बी.ए. किंवा बी.कॉम. करता येतं, म्हणजे पदवी मागणाऱ्या स्पर्धा परीक्षेचा रस्ताही खुला राहतो. अडचण येते ती थेट दुसऱ्या वर्षात. तिथे गणित पहिल्या वर्षाच्या पुढून सुरू होतं आणि आयटीआयच्या मुलाचं नेमकं तेच राहून गेलेलं असतं. डिप्लोमाचा विचार असेल तर दहावीचं गणिताचं पुस्तक रद्दीत घालू नका.

आता सायन्सचं. ५८ हा आकडा बाजूला ठेवा आणि गुणपत्रिकेत गणित आणि विज्ञान या दोनच ओळी वाचा. भाषांनी वर ओढलेले ५८ असतील तर ट्यूशनचे पैसे विचार करून घाला. पाव्हण्यांना एक प्रश्न विचारा : बारावी सायन्सनंतर काय? उत्तर नीट, सीईटी किंवा बी.एस्सी. ॲग्री असं नेमकं आलं तर बोलणं पुढे न्या. ‘पाहू मग’ असं आलं, तर दोन वर्षं आणि खोली-ट्यूशनचा खर्च करून पोरगा पुन्हा याच चौकात उभा राहील, फक्त वय दोन वर्षांनी वाढलेलं असेल.

आयटीआयलाही ‘कुठलाही ट्रेड चालेल’ म्हणून जाऊ नका. सरकारी यादीत नावं मराठीत असतात : वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन, जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर. पहिले चार दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. पॉलिटेक्निकची थेट दुसऱ्या वर्षाची वाट मनात असेल तर दोन वर्षांचाच ट्रेड निवडा. सरकारी आयटीआयत वीजतंत्रीची यादी उंच लागते. ५८ टक्क्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नाही लागलं तरी तालुक्याच्या आयटीआयत लागू शकतं, म्हणून पसंतीक्रमात दोन-तीन तालुके भरा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, सोडली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून शेजाऱ्याच्या पोराने भरला म्हणून एखादा ट्रेड एक नंबरला टाकू नका. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर पेरणीपेक्षा जास्त गर्दी असते.

खर्चाचा हिशेब असा मांडा. सरकारी आयटीआयचं शुल्क खासगीपुढे किरकोळ आहे, खरा खर्च एस.टी.चा पास आणि डबा. दोन वर्षांनंतर एक वर्ष शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिस. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. त्याच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय पास मुलाला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन. नागपूरजवळच्या कारखान्यांच्या भागात, बुटीबोरी किंवा हिंगण्यात, खोली तिघांत आणि मेस धरली तर पाच-साडेपाच हजार त्यातच जातात. म्हणजे त्या वर्षी घरी पैसा येईल ही आशा धरू नका, पण घरून द्यायलाही लागत नाही. या वर्षाचं मोल दुसरीकडे आहे. अप्रेंटिस संपल्यावरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हातात असलं तर रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत रेल्वेतच अप्रेंटिस झालेल्यांसाठी २० टक्के जागा असतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला वीजतंत्री किंवा तारतंत्रीचाच कागद लागतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारसची वीज केंद्रं, वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणी, भंडारा आणि भद्रावतीच्या आयुध निर्माणी, ही विदर्भातली अप्रेंटिसची मोठी ठिकाणं. अर्ज दुसऱ्या वर्षाचा निकाल लागताच करावा. पुष्कळ पोरं ‘आधी नोकरी पाहू’ म्हणत वर्ष घालवतात आणि नंतर अप्रेंटिसला फिरतात.

तुमच्या पोराला हातकामाची आवड आहे की नुसता अभ्यासाचा कंटाळा, हे ओळखायला एक साधी खूण आहे. बोअरचा स्टार्टर ट्रिप झाला की तो काय करतो? हिरवं बटण पुन्हा पुन्हा दाबतो, की झाकण उघडून आधी तिन्ही फेज आहेत का ते बघतो? (झाकण मेन बंद करून उघडायचं, हे त्याला आजच सांगा.)

प्रश्न : बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात हजेरीपुरताच जातो. तालुक्याला मोटर वाइंडिंगच्या दुकानात सुट्टीत काम केलं, ते आवडलं. बी.ए. सोडून पूर्णवेळ शिकावं का? दुकान टाकायला काय लागतं?
— वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : सोडू नका, मुक्त विद्यापीठातून पूर्ण करता येतं का ते पाहा. पदवीवर नोकरी मिळेल म्हणून हे सांगत नाही. भरतीच्या अर्जात आणि सोयरिकीच्या बोलण्यात ‘बी.ए. अर्धवट’ हे शब्द वर्षानुवर्षं आडवे येतात, आणि उरलेलं दीड वर्ष दुकानात काम करत निघू शकतं.

वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरणं, दोन-तीन महिन्यांत ‘येतं’ असं सांगणाऱ्याकडे शिकू नका. कॉइल भरणं तेवढ्यात येतं. मोटर का जळली हे सांगता यायला दोन हंगाम लागतात, आणि गिऱ्हाईक परत येतं ते याच गोष्टीसाठी. जळालेली थ्री-फेज मोटर उघडली की आधी काहीही न तोडता नीट बघा. स्टार जोडणीच्या (तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एक फेज जशीच्या तशी असेल, तर एक फेज गेलेली असताना मोटर चालली. डेल्टामध्ये (कॉइल टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडलेल्या) याच कारणाने एकाच फेजच्या कॉइल जळतात. सगळ्याच सारख्या करपल्या असतील तर कमी व्होल्टेज, जास्त भार, किंवा पंपात गाळ अडकून फिरणं जड झालेलं. एकाच ठिकाणी ठिणगीचं भोक असेल तर इन्सुलेशन तिथे फुटलं. पहिल्या प्रकारात नुसती मोटर भरून दिली आणि स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) लावला नाही, तर हीच मोटर हरभऱ्याच्या दुसऱ्या पाण्याला परत येईल आणि कास्तकार तुम्हालाच बोलेल.

मग नोंद. नेमप्लेटवरचे एचपी, व्होल्ट, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे (२८८० च्या आसपास असेल तर मोटर दोन पोलची, १४४० असेल तर चार), खाचा किती, कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत, वेढे किती, तार किती नंबरची. तारेवरचा जळका थर खरवडून मायक्रोमीटरने मोजायची, अंदाज चालत नाही. २० नंबरची तार ०.९१ मिमी, २१ नंबरची ०.८१. डोळ्याला फरक दिसत नाही, पण २१ नंबर घातली तर तांबं पाचव्या हिश्शाने कमी झालं, तार तापणारच. दुकानात २० नंबर संपली म्हणून २१ भरून दिलेल्या मोटरी हीच पुढच्या वर्षीची ‘कंपनीच खराब होती’वाली तक्रार. वेढे कमी घातले तर मोटर रिकामी चालतानाही जास्त अँपिअर घेते.

भरून झाल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, बॉडीशी तपासा, एक मेगओहमच्या खाली असेल तर देऊ नका. विहिरीवरच्या उघड्या मोटरला वार्निश घालून भट्टीत वाळवावं लागतं. कच्चं वार्निश ओल धरतं. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलची गोष्ट वेगळी आहे. तिची तार प्लास्टिकच्या वेष्टणाची असते, वार्निश लागत नाही, आणि बोअरमध्ये सोडण्याआधी मोटरमध्ये स्वच्छ पाणी काठोकाठ भरून हवेचे बुडबुडे काढावे लागतात. ते विसरलं तर खालचं थ्रस्ट बेअरिंग पहिल्याच दिवशी घासतं. चालू करून टाँग टेस्टर (तारेभोवती धरून अँपिअर मोजणारा चिमटा) लावा : पाच एचपीची मोटर पूर्ण व्होल्टेजवर साडेसात-आठ अँपिअरच्या जवळपास हवी. सबमर्सिबल थोडं जास्त घेते. तिन्ही फेजचे आकडे वहीत लिहून गिऱ्हाइकाला दाखवा. वही हीच या धंद्यातली खरी पदवी आहे, असं म्हटलं तर प्राध्यापक रागावतील, पण पाच वर्षांनी तुमच्याकडे तालुक्यातल्या प्रत्येक बनावटीच्या मोटरचे वेढे लिहिलेले असतील.

दुकानाला हाताचं कॉइल मशीन, मायक्रोमीटर, मेगर, टाँग टेस्टर, टेस्ट बोर्ड आणि बोअरमधून मोटर काढायला तिकाटणं व चेनपुली. यापेक्षा जास्त पैसा तांब्याच्या तारेत अडकतो. ओलिताच्या हंगामात सगळ्यांच्या मोटरी एकदम येतात आणि सगळे म्हणतात ‘कापूस विकला की देतो’. मजुरी उधार चालेल, तार रोख, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. जळकं तांबं कोणाचं हेही आधीच ठरवा. ते गिऱ्हाइकाचं असतं. दुकानदार ठेवून घेणार असेल तर त्याची किंमत बिलातून वजा झाली पाहिजे. गावात सर्वांत जास्त भांडणं याच पावशेर-अर्धा किलोवरून होतात.

पावसाळ्यात वाइंडिंगचं काम पडतं. तेव्हासाठी सोलर पंप शिका. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो; कास्तकाराचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५. पाच वर्षं देखभाल कंपनीची असते, त्या काळात तुम्ही हात लावला तर हमी जाईल. पण २०१९ च्या सुमारास आधीच्या योजनेत बसलेले पंप आता हमीबाहेर आहेत आणि त्यांना जवळ कोणी मिळत नाही. एक सावधगिरी : पॅनलचा डीसी करंट ऊन आहे तोवर बंद होत नाही. कंट्रोलर बंद न करता प्लग उपसला तर ठिणगी लांबते आणि विझत नाही. एसीवर हात बसलेल्या पोरांना हेच नडतं.

शिकायला दोन वाटा. एक उस्तादाकडे, पण काय कधी शिकवणार ते ठरवून. नाहीतर वर्षभर मोटरी उचलण्यातच जातं. दुसरी, तुमच्या जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला आरसेटी म्हणतात. राहणं-जेवण-शिकवणं मोफत, आणि मोटर वाइंडिंगचा सुमारे महिनाभराचा वर्ग तिच्या अभ्यासक्रमांत आहे. महिन्यात कारागीर होत नाही, पण बँकेत कर्जाला जाताना ते प्रमाणपत्र उपयोगी पडतं. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत मात्र तुमचं काम बसत नाही. तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी वगैरे आहेत, वाइंडर नाही. ‘फॉर्म भरून देतो’ म्हणून कोणी पाचशे रुपये मागितले तर देऊ नका.

प्रश्न : बारावी आर्ट्स झाले. नर्स व्हायचं आहे. गावात एक जण आला होता, सहा महिन्यांचा नर्सिंग डिप्लोमा, नोकरीची हमी, मूळ मार्कशीट आधी जमा करा म्हणतो.
— वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : मार्कशीट देऊ नका. दिली असेल तर आजच जाऊन परत आणा.

सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंद होते ती एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका, २ वर्षं), जीएनएम (सामान्य परिचारिका व प्रसाविका, ३ वर्षं) किंवा बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षं) झाल्यावरच. नोंदणी क्रमांक नसेल तर सरकारी भरतीत अर्जच घेतला जात नाही. सहा महिन्यांच्या वर्गातून फार तर दवाखान्यातली मदतनीस होता येतं. ते कामही प्रामाणिक आहे, पण त्याला नर्सिंग म्हणून विकणं ही फसवणूक.

आर्ट्सवर बी.एस्सी. नर्सिंगला जाता येत नाही, तिथे जीवशास्त्रासह सायन्स लागतं. एएनएम आणि जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. जीएनएमला किमान ४० टक्के आणि इंग्रजी विषय असावा. आम्ही जीएनएम सुचवू. वर्ष एक जास्त, पण पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून बी.एस्सी. नर्सिंगची पदवी मिळते. एएनएम केलं की आरोग्य उपकेंद्राचं काम खुलं होतं, मात्र वर चढायची शिडी आखूड आहे.

कॉलेजात गेल्यावर तीन गोष्टी विचारा : कौन्सिलच्या यादीत या वर्षीची मान्यता आहे का, किती जागांना आहे, आणि प्रॅक्टिकलला मुली कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे खाटा किती. तिसऱ्या प्रश्नावर ऑफिसातला माणूस चाचरला तर उठून या. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत तुमच्या अभ्यासक्रमाला आणि त्या कॉलेजला लागू आहे का, हे लेखी घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशावर ती धरू नका.

प्रश्न : कृषी केंद्र टाकायचं आहे. त्यासाठी पोराला बी.एस्सी. ॲग्रीच करावं लागेल का?
— वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे असतात आणि शिक्षणाची अट मुख्यतः शेवटच्या दोनांना आहे. बी.एस्सी. ॲग्री (चार वर्षं, बारावी सायन्स आणि सीईटी, विदर्भात अकोल्याचं कृषी विद्यापीठ) हा एक मार्ग. रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. झालेल्यालाही कीटकनाशकाचा परवाना मिळू शकतो. नुसत्या खतासाठी पंधरा दिवसांचा प्रमाणपत्र वर्ग चालतो. आधीच दुकान चालवणाऱ्यांसाठी ‘देसी’ हा ४८ आठवड्यांचा, आठवड्यातून एक दिवसाचा पदविका वर्ग आहे. नुसत्या परवान्यासाठी चार वर्षं घालू नका. पोराला संत्र्याच्या डिंक्या रोगावर स्वतः सल्ला द्यायचा असेल तर मात्र घाला.

प्रश्न : मुलाने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. चार वर्षांपासून अमरावतीला खोली करून स्पर्धा परीक्षा देतो आहे. दोनदा थोडक्यात हुकलं. आता घरी आण म्हटलं की चिडतो.
— एक आई, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : ताई, ‘थोडक्यात’ म्हणजे किती, हे त्याला कागदावर लिहायला सांगा : प्रत्येक परीक्षेत त्याचे गुण आणि त्याच्या प्रवर्गाचा कटऑफ. दोन-तीन गुणांचं अंतर असेल आणि दरवर्षी ते कमी होत असेल तर आणखी एक ठरावीक वर्ष द्यायला हरकत नाही. अंतर पंधरा-वीसचं असेल आणि तिथेच थांबलं असेल, तर अभ्यासाच्या नावाखाली दुसरंच काही चाललंय, बहुतेक वेळा घरी परतायची लाज.

त्याच्या हातात जो कागद आहे त्याचं मोल त्याला माहीत नसावं. नवीन वीज जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. गावोगावी फिटिंग करणारे वायरमन हुशार असतात, पण परवाना नसल्यामुळे सहीसाठी तालुक्याच्या ठेकेदाराकडे जातात आणि प्रत्येक सहीचे पैसे मोजतात. डिप्लोमावाल्याला आधी सुपरवायझरचा परवाना आणि पुढे ठेकेदाराचा, असा रस्ता विद्युत निरीक्षक कार्यालयातून जातो. त्यासाठी अनुभवाचं पत्र लागतं आणि इथेच पोरं अडकतात : दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काम केलेलं असतं, पण पत्रावर तारखा नसतात, कामाचं स्वरूप नसतं, देणाऱ्याचा परवाना क्रमांक नसतो. म्हणून कामाला लागायच्या आधीच त्या ठेकेदाराचा परवाना चालू आहे का ते बघावं, आणि पत्र काम सोडताना न मागता दर सहा महिन्यांनी घ्यावं.

त्याला ‘अभ्यास सोड’ म्हणू नका. अशा एखाद्या ठेकेदाराकडे सकाळी नऊ ते दोन काम आणि दुपारनंतर वाचन, असं सांगून बघा. अमरावतीची खोली तूर्त राहू द्या, भाडं तेवढं त्याने द्यावं.